फ्लॅट टॅक्स लावला तर केंद्राची तूट कमी होईल का?

सरळरेघ · शनिवार, रात्री १०.४२

मंडळी, ऑफिसातून मेल आला: यंदा (२०२५-२६) करकपात जुन्या पद्धतीने करायची की नव्या, ते कळवा. एक्सेल उघडलं आणि सगळी संध्याकाळ गेली. नव्या पद्धतीत ४ लाखांपर्यंत शून्य, मग ५, १०, १५, २०, २५ आणि २४ लाखांवर ३० टक्के. त्यावर ८७अ ची सूट, म्हणून १२ लाखांपर्यंत काहीच नाही. पण उत्पन्न १२ लाख १० हजार झालं, तर मार्जिनल रिलीफ (१२ लाखांवरच्या कमाईपेक्षा जास्त कर न घेण्याची सवलत) धरून कर १० हजार, म्हणजे वरचे सगळेच्या सगळे दहा हजार सरकारला! श्रीमंतांना सरचार्ज, सगळ्यांना ४ टक्के सेस. हे कुणी आणि कुठल्या मुहूर्तावर रचलं कोण जाणे.

माझा प्रस्ताव साधा आहे: फ्लॅट टॅक्स, म्हणजे सगळ्यांना एकच दर. ४ लाखांपर्यंत शून्य. त्यापुढच्या प्रत्येक रुपयावर १५ टक्के. वजावट, सूट, सरचार्ज, सेस काही नाही. रिटर्न पोस्टकार्डावर मावेल.

रशियाने २००१ मध्ये १२, २० आणि ३० हे तीन दर मोडून सरसकट १३ टक्के केला, आणि पुढच्याच वर्षी वसुली महागाई वजा जाताही साधारण पावपट वाढली. दर कमी असला की लपवाछपवीची खटपट परवडत नाही. आपल्याकडे २०२५-२६ च्या अंदाजपत्रकात राजकोषीय तूट १५.६९ लाख कोटी, जीडीपीच्या ४.४ टक्के आहे. २००३ च्या वित्तीय जबाबदारी कायद्याखाली ३ टक्क्यांचं उद्दिष्ट ठरलं, त्याला वीसहून जास्त वर्षं झाली. मग का नको फ्लॅट टॅक्स?

कृपया पक्षीय राजकारण आणू नका.

चहाबाज · शनिवार, रात्री १०.५१

शीर्षक वाचून धस्स झालं. वाटलं फ्लॅटवर नवा टॅक्स आला. आधीच सोसायटीने लिफ्टसाठी जादा वर्गणी काढली आहे. हलकं घ्या.

आकडेमोड्या · शनिवार, रात्री ११.३०

सरळरेघ, कल्पना मांडायच्या आधी एक्सेलमध्ये अजून दोन रकाने काढायला हवे होते. मी काढले. करपात्र उत्पन्न धरलंय, सेस आणि सरचार्ज दोन्हीकडे सोडलाय.

१२ लाख : आज शून्य. तुमच्याकडे १ लाख २० हजार.
१५ लाख : आज १ लाख ५ हजार. तुमच्याकडे १ लाख ६५ हजार.
२४ लाख : आज ३ लाख. तुमच्याकडेही ३ लाख, अगदी रुपयाला रुपया.
५० लाख : आज १० लाख ८० हजार. तुमच्याकडे ६ लाख ९० हजार.
१ कोटी : आज २५ लाख ८० हजार आणि वर सरचार्ज. तुमच्याकडे १४ लाख ४० हजार.

म्हणजे २४ लाखांवर रेघ ओढली गेली. तिच्या खालचा प्रत्येक करदाता जास्त भरणार आणि वरचा कमी. आता देशात रेघेच्या खाली किती आणि वर किती याचा विचार करा, आणि मग पैसा कुठे आहे याचा करा. २०२२-२३ मध्ये ७.४० कोटी रिटर्न भरली गेली, त्यातली ५.१६ कोटी शून्य कराची होती. संसदेत दिलेला आकडा आहे. कराचा मोठा भाग वरच्या थोड्या लोकांकडून येतो आणि तुम्ही नेमका त्यांचाच कर जवळपास निम्मा करताय. खालच्यांकडून तो भरून काढायला लाखभर रुपये प्रत्येकी मागायला कोण जाणार? फेब्रुवारीत १२ लाखांची घोषणा झाली तेव्हा बाकं वाजली होती, आठवतंय ना. त्या एका निर्णयात सरकारने सुमारे १ लाख कोटींवर पाणी सोडलं.

सरळरेघ · शनिवार, रात्री ११.४४

१५ हा आकडा काही दगडावरची रेघ नाही. २० घ्या.

आकडेमोड्या · शनिवार, रात्री ११.५८

घेतला. रेघ २४ वरून ३४ लाखांवर सरकली. १५ लाखवाला १ लाख ५ हजारांच्या जागी २ लाख २० हजार भरेल. कोटीवाल्याची चैन तरीही चालूच: १९ लाख २० हजार.

घाटवळण · रविवार, सकाळी ७.१५

वाचनखूण साठवली. धागाकर्ते स्वतः रेघेच्या वर की खाली, तेवढं सांगा म्हणजे प्रस्तावामागचा हेतू कळेल. :)

सीएकाकू · रविवार, सकाळी ९.०५

मुलांनो, गौरी-गणपतीत मांडीवर लॅपटॉप घेऊन बसलेली बाई बोलतेय, जरा ऐका. यंदा रिटर्नची मुदत सोळा सप्टेंबरपर्यंत गेली, म्हणून मोदकाच्या उकडीचे हात पुसत पुसत लोकांचे फॉर्म सोळा (पगारातून कापलेल्या कराचे दाखले) बघितले.

दर किती आहेत यात गुंता नाही. सात दर असोत की सत्तर, तो हिशेब सॉफ्टवेअर डोळ्याचं पातं लवायच्या आत करतं. गुंता आहे तो "उत्पन्न म्हणजे काय" यात. शेअर वर्षभराच्या आत विकले तर २० टक्के, वर्षानंतर विकले तर सव्वा लाखापुढच्या नफ्यावर साडेबारा. घर २३ जुलै २०२४ च्या आधी घेतलेलं असेल तर इंडेक्सेशनशिवाय (म्हणजे खरेदीची किंमत महागाईप्रमाणे वाढवून न धरता) साडेबारा की इंडेक्सेशनसह वीस, जे कमी ते. किराणा दुकानवाला गाडीचं पेट्रोल धंद्याच्या खर्चात टाकणार. त्यातलं किती दुकानाचं आणि किती महाबळेश्वरचं, हे एकच दर लावल्याने ठरणार आहे का? माझ्याकडे एक जण जुन्या पद्धतीत आईला भाडं देत असल्याचं दाखवायचा. आई वर्षभर मुलीकडे दुसऱ्या गावात. फ्लॅट दराने ती आई परत येणार नाही. भाड्याची वजावटच काढून टाकली की येईल, म्हणजे यायची गरजच संपेल.

तेव्हा सरळरेघ, तुमच्या प्रस्तावातला "वजावट नाही" हा भाग खरा कामाचा आहे. तो आणि "एकच दर" या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि पहिली दुसरीशिवाय करता येते. २००२ साली अर्थतज्ज्ञ विजय केळकरांच्या सरकारी कार्यगटाने जवळपास हेच सांगितलं होतं. बहुतेक सवलती काढा, आणि दर दोनच ठेवा, २० आणि ३०. ते जसंच्या तसं कुणी घेतलं नाही. पण २०२० ची नवी पद्धत त्याच रस्त्याने आलेली आहे, फक्त दरांची संख्या कमी करायच्या ऐवजी वाढवून ठेवली.

चहाबाज · रविवार, सकाळी ९.२२

आईच्या भाड्यावरून आठवलं... जाऊ दे. प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे).

टाल्लिनकर · रविवार, दुपारी १.४०

सहा वर्षं एस्टोनियात नोकरी करतोय, म्हणून लिहितो. फ्लॅट टॅक्सचं माहेर हेच. १९९४ मध्ये २६ टक्के एकच दर आला, मग उतरत उतरत २०१५ ला २० झाला. रिटर्न खरंच पाच मिनिटांत होतं. सरकारने आधीच भरून ठेवलेलं असतं, आपण बघायचं आणि मान्य म्हणायचं. पहिल्या वर्षी मला शंका आली की काहीतरी राहिलं. भारतीय मन!

पण दोन गोष्टी. ती पाच मिनिटं एकाच दरामुळे नाहीत. बँका, मालक, नोंदणी कार्यालयं सगळी एकमेकांशी जोडलेली आहेत त्यामुळे आहेत. आणि "सपाट" म्हणावं तर २०१८ मध्ये त्यांनी करमुक्त रक्कम पगार वाढेल तशी कमी होत जाणारी केली. मधल्या पगारवाल्यांना वाढीव पगारावर भलताच कर बसायचा. इथे लोक त्याला कराचं कुबड म्हणतात, तुमच्या १२ लाख १० हजारांच्या खड्ड्याचा चुलतभाऊ. तो जानेवारी २०२६ पासून काढताहेत, सर्वांना सरसकट महिना ७०० युरो करमुक्त.

तुटीचं म्हणाल तर एस्टोनियावर कर्ज कमी, हे खरं. पण ते सरकार पहिल्यापासून खर्चाला कवडीचुंबक म्हणून. आता संरक्षणावरचा खर्च वाढला, तूट आली, तेव्हा काय केलं? २०२५ मध्ये प्राप्तिकर २० वरून २२ आणि जुलैपासून व्हॅट २२ वरून २४. भाजी घेताना हिशेब करतो हल्ली.

पंतोजी · रविवार, दुपारी ३.१०

टाल्लिनकरांच्या प्रतिसादाला जोडून. रशियाचा दाखला प्रत्येक फ्लॅट टॅक्सवाला देतो आणि तिथेच थांबतो. वसुली वाढली हे बरोबर. पण २००५ मध्ये आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या अर्थतज्ज्ञांनी एकेका कुटुंबाची माहिती घेऊन तपासलं, तर ज्यांचे दर कमी झाले त्यांच्याकडून आलेला कर उलट घटला होता. चोरी थोडी कमी झाली, पण ती दरामुळे की त्याच सुमारास कडक झालेल्या वसुलीमुळे हे सांगता येत नाही, असा त्यांचा निष्कर्ष. तेलाचे भाव आणि पगारही त्या काळात वर जात होते.

आता त्या गोष्टीचा पुढचा भाग. २०२१ मध्ये रशियाने ५० लाख रूबलच्या वर १५ टक्के लावले. २०२५ पासून पाच दर आहेत, १३ ते २२. युद्धाचा खर्च आला आणि सपाट कर गेला. स्लोव्हाकियाची गोष्ट तर थेट आपल्या विषयावरची. २००४ मध्ये त्यांनी प्राप्तिकर, कंपनी कर आणि व्हॅट तिन्ही १९ टक्के केले. एकोणीस-एकोणीस-एकोणीस, किती देखणं! २०१३ मध्ये तूट आटोक्यात आणायची वेळ आली तेव्हा वरच्यांना २५ चा दर परत आणला. लाटव्हिया २०१८, लिथुआनिया २०१९, तेही बाहेर पडले.

अजून टिकून असलेल्यांत बल्गेरिया, १० टक्के, २००८ पासून. आणि रोमानिया. रोमानियाने २००५ ला १६, २०१८ ला १० टक्के केला. २०२४ ची त्यांची तूट जीडीपीच्या ९.३ टक्के, युरोपीय संघात सर्वांत मोठी. ऑगस्ट २०२५ पासून व्हॅट १९ चा २१ केला. फ्लॅट टॅक्समुळे तूट आली असं मी म्हणणार नाही, खर्च बेसुमार होता. पण फ्लॅट टॅक्सने ती थांबवली नाही, एवढं दिसतं. शिवाय सरसकट कमी दर ठेवला की खड्डा व्हॅटने भरावा लागतो, आणि व्हॅट भाजीवालीपासून सगळे भरतात.

सरळरेघ · रविवार, दुपारी ३.३५

पंतोजी, मान्य. पण आपला मामला वेगळा आहे. १९७३-७४ ला इथे सरचार्जसकट वरचा दर ९७.७५ टक्के होता. शंभरातले सव्वादोन रुपये हातात. तो कमी केल्यावर वसुली वाढलीच की नाही? १९९७ ला १०-२०-३० केलं तेव्हाही.

पंतोजी · रविवार, दुपारी ४.०२

वाढली. पण ९७.७५ वरून ५० वर येणं आणि ३० वरून १५ वर येणं यात फरक आहे. पहिल्यात चोरी न करणारा वेडा ठरत होता. दुसऱ्यात फक्त सवलत मिळते.

मांडवीकाठ · रविवार, संध्याकाळी ५.२०

पणजीहून लिहितोय, आणि आमच्या गावात याचा एक प्रयोग जाहीर झाला होता! २० सप्टेंबर २०१९, जीएसटी परिषदेच्या बैठकीच्या आधी इथेच पत्रकार परिषदेत कंपनी कर ३० वरून २२ वर आणल्याचं अर्थमंत्र्यांनी सांगितलं, अट एवढीच की बाकीच्या सवलती घ्यायच्या नाहीत. म्हणजे दर कमी, वजावटी बंद, अगदी धागाकर्त्यांचंच सूत्र. अंदाजे महसूल सोडला १.४५ लाख कोटी. शेअर बाजार त्या दिवशी उड्या मारत होता, आमच्या ऑफिसात पेढे वाटले.

२०१८-१९ ला कंपनी कर आला होता ६.६३ लाख कोटी, २०१९-२० ला ५.५७ वर आला. पुढच्या वर्षी ४.५८, पण ते कोविडचं वर्ष, त्याचा दोष दराला देऊ नये. पुढे वसुली सावरली, नफेच वाढले म्हणून. निर्णय चूक की बरोबर यावर माझं पक्कं मत नाही. पण "दर कमी केला की तूट लगेच कमी" असं म्हणणाऱ्याने पहिल्या वर्षाची सोय आधी करून ठेवावी.

ऊसवाला · रविवार, रात्री ८.१५

बघतोय मघापासून, अजून कसं कुणी शेतकऱ्यावर आलं नाही?

घाटवळण · रविवार, रात्री ८.१९

आलोच. :) वजावट नाही, सूट नाही म्हणताय, तर शेतीच्या उत्पन्नाची सूट पण काढणार का? तिथून तूट भरेल असं वाटतं.

ऊसवाला · रविवार, रात्री ८.४०

व्हय, काढा. आमच्या अडीच एकरात ऊस घालून, लागणीपासून तोडणीपर्यंत दीड वर्ष जातंय, आणि बिल आलं की सोसायटी कर्जाचं आधी कापून घेतीय. उरलेल्यावर चार लाखाची मर्यादा सोडा, एक लाखाची ठेवा, तरी माझ्याकडनं काय मिळणार नाही. खतावर जीएसटी भरतोय, त्याचा परतावा आम्हाला नाही. ट्रॅक्टर आणि ठिबक बारावरनं पाचवर आलं सप्टेंबरात, ते बरं झालं.

ज्याच्याकडं खरंच मिळंल तो कायद्यानं बारमाही पाण्याच्या अठरा एकरावर जाऊ शकत नाही. जातोय तो सगळ्या पै-पाहुण्यांच्या नावावर जमीन करून जातोय. त्याला धरायला तुम्हाला दर नको, तलाठी पायजे. आणि शेतीवरचा कर घटनेनं राज्यांकडं दिलाय, दिल्लीच्या तुटीत त्याचा एक पैसा पडत नाही. घ्या.

सीएकाकू · रविवार, रात्री ९.२५

ऊसवाल्यांना दोनशे टक्के अनुमोदन, आणि एक भर. आज पगार किंवा धंदा आणि बरोबर शेती, असं ज्याचं आहे, त्याचं शेतीचं उत्पन्न करमुक्त असलं तरी दर ठरवताना मोजलं जातं. के. एन. राज समितीच्या सूचनेवरून १९७३ पासून हे आहे. त्यामुळे द्राक्षबागेचे चाळीस लाख दाखवणारा डॉक्टर आपल्या प्रॅक्टिसच्या पैशावर वरच्या दराने कर भरतो. एकच दर केलात की ही युक्ती आपोआप निकामी होते, कारण वरचा दरच उरत नाही. शेतीच्या नावाखाली पैसा पांढरा करणाऱ्याला सरळरेघांनी नकळत सत्यनारायणाचा प्रसाद दिला!

आकडेमोड्या · रविवार, रात्री १०.१०

मूळ प्रश्न तुटीचा होता, त्याचे दोन आकडे देतो आणि झोपतो.

एक. २०२५-२६ मध्ये प्राप्तिकरातून अपेक्षित आहे १४.३८ लाख कोटी. तूट १५.६९ लाख कोटी. म्हणजे देशातल्या प्रत्येक करदात्याने उद्यापासून दुप्पट प्राप्तिकर भरला तरी तूट उरतेच. निव्वळ व्याजावर जाणार आहेत १२.७६ लाख कोटी.

दोन, आणि हे कुणी बोलत नाही. प्राप्तिकराचे १०० रुपये आले की पंधराव्या वित्त आयोगाच्या (२०२१-२६) सूत्राने त्यातले ४१ रुपये राज्यांना जातात. सेस आणि सरचार्ज मात्र या वाटणीत येत नाहीत, ते सगळे केंद्राचे. आज १०० रुपये कर आणि ४ रुपये सेस जमला तर केंद्राला ५९ अधिक ४, म्हणजे ६३ मिळतात. सरळरेघांनी सेस काढून तेच १०४ रुपये एका दरात बसवले, तर केंद्राकडे राहतात ६१ रुपये ३६ पैसे. म्हणजे लोकांच्या खिशातून तेवढेच पैसे गेले, तरी सुटसुटीतपणामुळेच केंद्राची तूट वाढली! राज्यांना ते मिळाले हे चांगलंच. पण त्या आयोगाच्या वाटणीत महाराष्ट्राचा हिस्सा ६.३१७ टक्के आहे. वाढीव शंभर रुपयांमागे आपल्याकडे येणार जेमतेम अडीच.

मांडवीकाठ · रविवार, रात्री १०.१४

गोवा ०.३८६ टक्के. आमचे सोळा पैसे कुठे ठेवू?

घाटवळण · रविवार, रात्री १०.३०

अवांतर: महाराष्ट्रात सपाट कर आधीपासून आहे आणि तुम्ही सगळे भरता. व्यवसाय कर! महिना २०० आणि फेब्रुवारीत ३००, वर्षाचे २५००. साहेबांचे आणि शिपायाचे जवळपास सारखेच कापतात. १९७५ चा कायदा, रोजगार हमी योजनेला पैसा उभा करायला आणला होता. दुष्काळात खडी फोडणाऱ्या बायाबापड्यांची मजुरी शहरातल्या पगारातून निघावी, ही त्यामागची कल्पना. वि. स. पागे यांची ती योजना. पण कमाल २५०० ही मर्यादा घटनेत १९८८ ला घातली, आणि आजही ती तिथेच आहे. तेव्हा अडीच हजार म्हणजे एखाद्याचा महिन्याचा पगार असायचा.

पंतोजी · रविवार, रात्री १०.४१

हे अवांतर नाही, मुद्द्याचं आहे. यात रुपयाच सपाट आहे, धागाकर्त्यांचा दर सपाट आहे, हा फरक सोडला तर.

चहाबाज · रविवार, रात्री १०.४४

चौथाई आणि सरदेशमुखी पण सपाटच होती. पंचवीस अधिक दहा. वजावट मागायला कुणी गेल्याचं ऐकिवात नाही.

सरळरेघ · सोमवार, सकाळी ८.२०

रात्रभर विचार केला. तुटीचा मुद्दा मी मागे घेतो. वजावटी काढायचा ठेवतो, आणि १२ लाखांपुढचा तो खड्डा बुजवायचा पण ठेवतो, त्याला फ्लॅट टॅक्स लागत नाही हे काकूंमुळे कळलं.

घाटवळण, तुमच्या प्रश्नाचं उत्तर: खाली. करपात्र उत्पन्न १५ लाखांच्या आसपास. झालं काय, मी "१५ च्या स्लॅबमध्ये" येतो, म्हणून मला वाटायचं की मी १५ टक्के भरतो आणि माझ्या प्रस्तावाने मला ना नफा ना तोटा, देशाचं तेवढं भलं. आकडेमोड्यांचे रकाने बघितल्यावर कळलं की माझा सरासरी दर ७ टक्के आहे. माझ्याच प्रस्तावाने माझा कर ६० हजारांनी वाढत होता. बायकोने मागून स्क्रीन वाचला. दिवाळीला फ्रिज घ्यायचं चाललंय घरात.

सीएकाकू · सोमवार, सकाळी ८.३४

फ्रिजची वजावट मिळत नाही. ऑफिसला "नवी पद्धत" कळवून टाका.